खेळात राजकारण आणू नका म्हणे

‘खेळात राजकारण आणू नका.’ हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस सापडायचा नाही. पेपरात असतं, टीव्हीवर असतं, टपरीवर असतं. याचं एक सख्खं भावंडही आहे. ‘कलेत राजकारण आणू नका.’ ते आपल्या कवितेच्या वाट्याला पहिल्यापासून आलं. आपली कविता प्रचारकी, आपली कविता आक्रस्ताळी, आपल्या कवितेत साहित्यबाह्य गोष्टी फार. दोन्ही वाक्यं एकाच वाड्यात वाढलेली आहेत. म्हणून या वाक्याची समीक्षा करायची ठरवलं. कवितेची करतात तशीच. कोण बोलतोय, कुणाला बोलतोय, कुठं उभं राहून बोलतोय, आणि कधी मुकाट बसतोय.

आधी व्याकरण बघा. वाक्यात ‘आणू नका’ हे क्रियापद आहे. आणायची वस्तू बाहेर असते. म्हंजे बोलणाऱ्याने आधीच धरून चाललंय की खेळ आतून धुतलेला, सारवलेला आहे, राजकारण गावकुसाबाहेर पडलंय, आणि कुणीतरी ते खरकट्या पायानं आत घेऊन येतोय. ही विटाळाची भाषा आहे. देवळात येऊ नका, पाणवठा बाटवू नका, खेळात राजकारण आणू नका. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे, की आत आधीपासून काय होतं?

*

हे वाक्य जगात सगळ्यात जास्त झिजवलं गेलं ते दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत. १९४८ साली तिथं नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेदाचं कायद्याचं राज्य सुरू झालं. कुणी कुठं राहायचं, कुठल्या शाळेत शिकायचं, कुणाशी लग्न करायचं, कुठल्या बाकावर बसायचं हे कातडीवरून ठरू लागलं. १९५६ साली तिथला अंतर्गत खात्याचा मंत्री डोंगेस याने खेळाचं धोरण जाहीर केलं. गोऱ्यांनी आणि इतरांनी आपापले खेळ वेगळे खेळायचे, देशातल्या सामन्यांत मिसळायचं नाही, आणि बाहेरून येणाऱ्या संघांनीही हा रिवाज पाळायचा. हे मंत्र्याचं धोरण. सरकारी धोरण. आता सांगा, खेळात राजकारण कुणी आणलं?

त्या धोरणाचा अर्थ एका माणसाच्या गोष्टीत नीट कळतो. सिवसंकर ऊर्फ पापवा सेवगोलम. डर्बनचा. उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून नेलेल्या गिरमिटियांच्या समाजातला. गोऱ्यांच्या मैदानावर त्यांच्या गोल्फच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहणारा पोऱ्या. शाळेचं नाव नाही. बघून बघून खेळ शिकला, आणि काठी धरायचा हाताचा क्रमसुद्धा उलटा, जगाच्या विरुद्ध. या माणसाने १९५९, १९६० आणि १९६४ अशी तीनदा हॉलंडची खुली स्पर्धा जिंकली. १९६३ साली डर्बनलाच नाताळ प्रांताची खुली स्पर्धा जिंकली. बक्षीस द्यायची वेळ आली तेव्हा पाऊस लागला होता. गोरे खेळाडू आणि पाहुणे क्लबाच्या इमारतीत होते. पापवाला आत जायला मज्जाव होता. विजेत्याला चषक बाहेर पावसात उभं करून दिला. तो फोटो जगभर गेला.

दोन वर्षांनी, १९६५ साली, याच स्पर्धेत त्याने गॅरी प्लेअरला हरवलं. त्या काळात गॅरी प्लेअर म्हंजे जगातल्या पहिल्या दोनचारांतला खेळाडू. सरकारने काय केलं? पापवाला मोठ्या स्पर्धांतून बंदच केलं. १९७८ साली तो गेला तेव्हा पन्नाशीच्या आसपास होता.

*

पावसातला हा चषक बघून आपल्याला दुसरं एक भांडं आठवलं पाहिजे. पुण्यातलं.

पालवणकर बाळू. चांभार समाजातला. १८९० च्या आसपासचा काळ. पारशांच्या मैदानावर झाडलोट आणि खेळपट्टीवर रोलर फिरवायला महिना तीन रुपये. पुढे इंग्रजांच्या क्लबात चार रुपये. जाळं लावायचं, खेळपट्टी तयार करायची, आणि साहेबाला सरावासाठी चेंडू टाकायचे. डाव्या हाताची फिरकी अशी तयार झाली की साहेबांचे फलंदाज त्याच्यावर घासून घासून चांगले झाले. त्याच्या हातात बॅट मात्र क्वचितच दिली. फलंदाजी हे साहेबाचं काम, गोलंदाजी ही चाकरी. कामाची वाटणी इथंही जातीसारखीच.

पुण्याच्या हिंदू क्लबाला इंग्रजांना हरवायचं होतं, आणि हरवणारा हात याचा होता. घ्यायचं तर विटाळ, न घ्यायचं तर हार. घेतलं. पण कसं घेतलं? मैदानात त्याने टाकलेला चेंडू सवर्ण हातांनी झेलायचा. चहाच्या वेळी मात्र त्याचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवायला ताट वेगळं, जागा वेगळी. तोंड धुवायला पाणी द्यायचं तर तेही अस्पृश्य गड्याच्या हातून. म्हंजे चेंडू विटाळत नव्हता, कप विटाळत होता. विटाळसुद्धा किती हिशेबी असतो बघा. जिथं फायदा आहे तिथं तो सुटतो, आणि फायदा संपला की पुन्हा अंगाला चिकटतो.

१९११ साली हिंदुस्थानचा संघ पतियाळाच्या महाराजाच्या कप्तानीखाली इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूने त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, त्यातले ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांत. महाराजा कप्तान, कारण तो महाराजा. बाळू हिंदू संघाचा सगळ्यात मोठा गोलंदाज, पण कप्तानपद त्याला कधी दिलं नाही. १९२० साली कप्तानीत पुन्हा डावललं तेव्हा त्याचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल संघातून बाहेर पडले. निषेध म्हणून. हा आपल्या क्रिकेटमधला बहिष्कार, दक्षिण आफ्रिकेच्या चाळीस वर्षं आधीचा. १९२३ साली विठ्ठल कप्तान झाला. तो मागून मिळाला नाही, बाहेर पडल्यामुळे मिळाला. त्या वेळीही कुणीतरी म्हणालाच असेल की पालवणकर खेळात जात आणतायत.

बाळूच्या नावाने इथं नुसते टाळ वाजवायचे नाहीत. १९३२ च्या झगड्यात तो बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला होता, आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभा राहून पडला. हे लपवायचं कारण नाही. पण मातीच्या भांड्यातला चहा त्याचं मत विचारून दिला नव्हता. तो गांधींकडे गेला असता काय, आपल्याकडे आला असता काय, भांडं तेच होतं.

गिरणीतल्या माणसाला ही हिशेबी विटाळाची गोष्ट नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांत साचाखात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते. पगार तिथं जास्त. कारण काय, तर धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा, आणि धोट्याला अस्पृश्याची थुंकी लागली तर दुसऱ्या विणकऱ्याला कसं चालणार? त्याच्या हातानं साफ केलेला कापूस चालत होता, कातलेलं सूत चालत होतं. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा ‘संपात जातीचं राजकारण आणू नका’ असाच सूर होता. बघा, वाक्य तेच. मैदान बदललं की फक्त पहिला शब्द बदलतो.

*

आता गुणवत्तेकडे येऊ. कारण या वाक्याच्या मागोमाग दुसरं वाक्य येतंच: ‘संघ गुणवत्तेवर निवडा.’

बॅसिल डॉलिव्हेरा. केप टाउनचा. तिथल्या कायद्याने ‘रंगीत’. छापखान्यात काम करायचा आणि उघड्या माळावर चटई अंथरून क्रिकेट खेळायचा. आपल्या लोकांच्या संघाचा कप्तान झाला, धावांचे ढीग घातले, पण देशाच्या संघाचं दार गोऱ्यांसाठीच. शेवटी जॉन अर्लट या इंग्रज समालोचकाला पत्रं लिहिली. त्याच्या खटपटीने १९६० साली इंग्लंडमधल्या एका लहान क्लबात नोकरी मिळाली. उतरत्या वयात, १९६६ साली, इंग्लंडकडून कसोटी खेळला.

१९६८ चा ऑगस्ट. ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने १५८ धावा काढल्या. इंग्लंड जिंकलं. त्यानंतर लगेच दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यासाठी संघ निवडायचा होता. संघ जाहीर झाला. डॉलिव्हेरा नाही. निवडणारे म्हणाले, निवड निव्वळ क्रिकेटच्या दृष्टीने केली. निव्वळ क्रिकेट! नंतर बाहेर आलं की पंतप्रधान फोर्स्टर डॉलिव्हेराला येऊ देणार नाही, हा निरोप त्या वर्षीच्या वसंतातच इंग्लंडच्या क्रिकेट सत्ताधाऱ्यांपैकी काहींना पोचला होता आणि त्यांनी तो दाबून ठेवला होता. दरम्यान एका तंबाखू कंपनीशी संबंध असलेल्या माणसाने डॉलिव्हेराला दरसाल चार हजार पौंडांची नोकरी देऊ केली होती. अट एवढीच, की मी दौऱ्याला येणार नाही असं त्यानेच आधी जाहीर करावं. गडी गरिबीतून आलेला. पण विकला गेला नाही.

देशभर ओरड झाली. मग टॉम कार्टराइट दुखापतीने बाजूला झाला आणि त्याच्या जागी डॉलिव्हेराला घेतलं. दुसऱ्याच दिवशी फोर्स्टर म्हणाला, हा क्रिकेटचा संघ नाही, हा आमच्या राजकीय शत्रूंचा संघ आहे. २४ सप्टेंबर १९६८ ला दौरा रद्द झाला.

इथं गुणवत्तेचं नाटक उघडं पडतं. १५८ धावा ही गुणवत्ता नव्हती काय? त्या धावा काढूनही माणूस संघाबाहेर राहतो तेव्हा ते ‘क्रिकेट’, आणि त्याच धावांमुळे आत येतो तेव्हा ते ‘राजकारण’. आपल्या पोराला नोकरीच्या मुलाखतीत हेच ऐकवतात. राखीव जागेवर आला तर राजकारण. मामाच्या ओळखीने आला तर गुणवत्ता.

*

या सगळ्या लढ्याच्या मागे एक कवी होता. हे मला कवींना मुद्दाम सांगायचंय. डेनिस ब्रूटस. शाळामास्तर. पन्नासच्या दशकाच्या अखेरीला त्याने काळ्या खेळाडूंची संघटना उभारण्यात पुढाकार घेतला. पुढे गोऱ्यांच्या ऑलिंपिक समितीला आव्हान देणारी समिती काढली. हत्यार म्हंजे पत्रं. जगभरच्या खेळ संघटनांना पत्रांवर पत्रं. सरकारने त्याच्यावर बंदी घातली. शिकवायचं नाही, सभेला जायचं नाही, लिहिलेलं छापायचं नाही. १९६३ साली पकडला गेला, निसटायला बघत होता तेव्हा जोहान्सबर्गच्या रस्त्यावर पोलिसांनी पाठीत गोळी घातली. रस्त्यावर रक्त वाहतंय, आणि आलेली रुग्णवाहिका गोऱ्यांची निघाली. ‘रंगीत’ माणसांची गाडी येईपर्यंत पडून राहावं लागलं. मग रॉबेन बेटावरचा तुरुंग, दगड फोडणं. त्याचा पहिला कवितासंग्रह त्याच वर्षी नायजेरियात छापला गेला. स्वतःच्या देशात त्याच्या कवितेला बंदी.

त्याला कुणी विचारलं असेल काय, कवीमहाशय, तुम्ही खेळाच्या भानगडीत कशाला पडता? पण त्याला जे दिसलं ते गोऱ्या राजकारण्यांनाही दिसलं नव्हतं. दक्षिण आफ्रिकेतला गोरा खाणीतल्या काळ्याच्या मरणाने हलत नव्हता. रग्बी आणि क्रिकेट मात्र त्याचा जीव होता. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला दक्षिण आफ्रिकेला मज्जाव झाला. १९७० साली ऑलिंपिकमधून हकालपट्टी झाली. त्याच वर्षी इंग्लंडचा त्यांचा दौरा तरुण पोरापोरींच्या निदर्शनांमुळे रद्द झाला. तेव्हा गोऱ्यांच्या दिवाणखान्यात पहिल्यांदा हा प्रश्न शिरला, की जग आपल्याशी खेळत का नाही? १९७१ साली केप टाउनच्या मैदानावर खुद्द गोरे क्रिकेटपटू खेळ सोडून बाहेर आले आणि म्हणाले, संघ गुणवत्तेवर निवडा. इतकी वर्षं हे सुचलं नव्हतं. दार बंद झाल्यावर सुचलं.

ब्रूटस किती पक्का माणूस होता याची एक खूण. २००७ साली दक्षिण आफ्रिकेच्या खेळांच्या मानकऱ्यांत त्याचं नाव घातलं. तो समारंभाला गेला आणि तिथंच मान नाकारला. ज्यांनी वर्णभेदी खेळाला साथ दिली त्यांच्या पंक्तीला बसणार नाही म्हणाला. तेव्हा देश स्वतंत्र होऊन तेरा वर्षं झाली होती. सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. पुरस्कारांच्या यादीत नाव यावं म्हणून तळमळणाऱ्या आपल्या कवींनी हे पान फाडून खिशात ठेवावं.

*

मनोरंजनाची गोष्ट वेगळी नाही, फक्त दिवे जास्त. बोफुथात्स्वाना नावाचा एक खोटा देश दक्षिण आफ्रिकेने १९७७ साली जाहीर केला. काळ्यांना मातृभूमी दिली असं दाखवायचं आणि त्यांचं खरं नागरिकत्व काढून घ्यायचं. जगातल्या कुठल्या देशाने त्याला मान्यता दिली नाही. तिथं १९७९ साली सन सिटी नावाचं आलिशान जुगार आणि करमणुकीचं केंद्र उभं राहिलं. मोठमोठ्या गायकांना अफाट पैसे देऊन आणायचे. १९८१ साली फ्रँक सिनात्रा गेला, १९८४ साली क्वीन हा इंग्लिश बँड गेला. आम्ही फक्त गायला आलो, असं त्यांचं म्हणणं. पण त्यांना पैसे गाण्याचेच मिळत होते काय? खोट्या देशाला खरा दाखवायचे पैसे होते ते. १९८५ साली स्टीव्हन व्हॅन झँट या गिटारवाल्याने पन्नासच्या आसपास कलावंत जमवून एक गाणं काढलं, आम्ही तिथं गाणार नाही म्हणून. तेव्हा कुठं अमेरिकेतल्या पोरांना हे गाव नकाशावर कुठं आहे ते कळलं. आणि मिरियम मकेबा? तिचा आवाज दक्षिण आफ्रिकेचा. तिने १९६३ साली संयुक्त राष्ट्रांपुढे साक्ष दिली, तर सरकारने तिच्या तबकड्यांवर बंदी घातली, नागरिकत्व काढून घेतलं. सरकारला गाण्यातलं राजकारण बरोबर कळत होतं. कळत नव्हतं ते फक्त ‘निव्वळ कलेच्या’ रसिकांना.

*

आता विरुद्ध बाजू. ती टाळून चालणार नाही, अभ्यासवर्गात कुणीतरी विचारणारच.

पहिला आक्षेप: खेळाडूचं आयुष्य दहा वर्षांचं, त्याला सरकारच्या पापाची शिक्षा का? खरं आहे, बॅरी रिचर्ड्ससारखा फलंदाज चारच कसोट्या खेळला. वाईट वाटतं. पण त्याच शहरांत, त्याच काळात किती काळे बॅरी रिचर्ड्स एकही कसोटी न खेळता म्हातारे झाले, त्यांची मोजदाद कुणाकडे आहे? ज्याचं करिअर बुडालं त्याच्यावर पुस्तकं निघतात. ज्याचं सुरूच होऊ दिलं नाही त्याचं नावही राहत नाही.

दुसरा आक्षेप: येणं-जाणं ठेवलं तर माणसं सुधारतात. तेही करून बघितलं गेलं होतं. कित्येक दशकं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड दक्षिण आफ्रिकेशी खेळत होते. सुधारणा तर सोडाच, १९६० साली न्यूझीलंडनेच तिथं जाताना आपल्या संघातून माओरी खेळाडू गाळले. म्हंजे पाहुण्याच्या संगतीने यजमान सुधारला नाही, पाहुणाच बिघडला. १९८३ साली वेस्ट इंडीजचे काही खेळाडू लाखभर डॉलरच्या आशेने बंडखोर दौऱ्यावर गेले. तिथं त्यांना तात्पुरते ‘मानद गोरे’ करून घेतलं. त्यांच्यातला कॉलिन क्रॉफ्ट आगगाडीत गोऱ्यांच्या डब्यात बसला तर त्याला उठवलं. पैसे घेऊनसुद्धा कातडी बदलली नाही. व्हिव रिचर्ड्सने तो पैसा नाकारला होता. दोघांपैकी कुणाचं नाव अँटिग्वातल्या पोरांच्या तोंडी आहे ते वेगळं सांगायला नको.

तिसरा आक्षेप खरा कठीण आहे. बहिष्कारात सुक्याबरोबर ओलंही जळतं. १९८६ साली पॉल सायमनने दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या वादकांना घेऊन ‘ग्रेसलँड’ ही तबकडी काढली. त्याने बहिष्कार मोडला म्हणून टीका झाली. पण त्या वादकांना जगाचे कान मिळाले हेही खरं. लढणाऱ्या संघटनांनी पुढे यावर विचार केला. सरकारची संस्कृती आणि लोकांची संस्कृती यांत फरक करायला हवा, असं म्हणू लागल्या. मला हे पटतं. बहिष्कार हे हत्यार आहे, सोवळं नाही. कुणावर चालतंय ते बघून चालवायचं असतं.

आणि बहिष्कार हा शब्द आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. गावाने आपल्यावर घातलेला बहिष्कार आपण जाणतो. काम बंद, किराणा बंद, पाणी बंद, दळण बंद. बाबासाहेबांनी १९२७ साली पत्राचं नावच ‘बहिष्कृत भारत’ ठेवलं. दोन बहिष्कारांतला फरक पोटात आहे. गावाचा बहिष्कार दुबळ्याच्या तोंडचा घास काढून घेतो. खेळाचा बहिष्कार बलवानाच्या कानावरच्या टाळ्या काढून घेतो. टाळ्यांवाचून कुणी मरत नाही. पण टाळ्या बंद झाल्या की माणूस आरशात बघतो.

बहिष्काराने एकट्याने वर्णभेद पाडला असंही कुणी समजू नये. १९७३ साली डर्बनमध्ये कामगारांचे प्रचंड संप झाले, त्यांत कापड गिरण्यांचे कामगार होते. १९७६ साली सोवेटोची शाळकरी पोरं गोळ्यांसमोर उभी राहिली. घाव त्यांनी घातले. खेळाच्या बहिष्काराने फक्त आतला आवाज जगाच्या कानापर्यंत नेला.

*

आता हे वाक्य गप्प कधी बसतं ते बघू.

१६ ऑक्टोबर १९६८, मेक्सिको ऑलिंपिक. दोनशे मीटरच्या शर्यतीत टॉमी स्मिथ पहिला, जॉन कार्लोस तिसरा. दोघे अमेरिकेचे काळे धावपटू. गरिबीची खूण म्हणून बूट काढून, काळे मोजे घालून उभे राहिले. राष्ट्रगीताच्या वेळी काळा हातमोजा घातलेली मूठ वर केली. त्यांच्या चळवळीच्या मागण्यांत दक्षिण आफ्रिकेला बाहेर ठेवा हीसुद्धा होती. ऑलिंपिकचा अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज संतापला. खेळात राजकारण! दोघांना संघातून काढायला लावलं. हाच ब्रंडेज १९३६ साली अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीचा अध्यक्ष होता, आणि हिटलरच्या बर्लिनला जाऊ नका म्हणणाऱ्यांना त्याने विरोध केला होता. तिथं हात वर करून नाझी सलाम चालले, तेव्हा ते राजकारण नव्हतं. आणि मेक्सिकोत उद्घाटनाच्या दहा दिवस आधी त्याच शहरात विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यासाठी एकही शर्यत थांबली नाही. रक्त चाललं, मूठ चालली नाही.

१९९५ साली मंडेला रग्बीच्या अंतिम सामन्याला गोऱ्या संघाची जर्सी घालून उतरले. त्याइतकं उघड राजकारण मैदानात क्वचितच झालं असेल. जगाने टाळ्या वाजवल्या. कुणी म्हणालं नाही, खेळात राजकारण आणू नका. मिठी मारणारं राजकारण चालतं, दार ठोठावणारं चालत नाही.

२०२२ साली रशियाने २४ फेब्रुवारीला युक्रेनवर हल्ला केला. २८ तारखेला रशियाचा फुटबॉल संघ जगाच्या स्पर्धांतून बाहेर. युरोपच्या गाण्याच्या स्पर्धेतून तर त्याआधीच बाहेर. चार दिवस! हल्ला वाईटच होता, मला त्या निर्णयाविषयी तक्रार नाही. तक्रार घड्याळाविषयी आहे. दक्षिण आफ्रिकेला ऑलिंपिकचं दार बंद व्हायला वर्णभेदाचं राज्य आल्यापासून सोळा वर्षं लागली आणि हकालपट्टीला बावीस. २०२४ साली गाझावर बॉम्ब पडत असताना इस्रायलचा प्रश्न निघाला, तेव्हा तीच गाण्याची स्पर्धा म्हणाली की आमचा कार्यक्रम राजकारणाचा नाही. म्हंजे कुणाचं रक्त सांडतंय त्यावर घड्याळ चालतं.

यातून एक फरक स्वच्छ दिसतो. मैदानात दोन प्रकारची राजकारणं येतात. एक सरकारचं, जे स्वतःची भांडणं आणि स्वतःची शोभा खेळाडूच्या पाठीवर लादतं. दुसरं दाराबाहेर ठेवलेल्यांचं, जे म्हणतं की आम्हालाही खेळू द्या. ‘राजकारण नको’ म्हणणारा दोघांना एकाच पोत्यात घालतो. मग पोत्याला काठ्या मात्र दुसऱ्यालाच बसतात.

*

शेवटी घरचं.

दक्षिण आफ्रिकेच्या प्रश्नावर भारताने चांगलं काम केलं. १९४६ साली व्यापार तोडणारा पहिला देश भारत. त्याच साली तिथल्या हिंदी लोकांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. दक्षिण आफ्रिका म्हणाली, हा आमचा अंतर्गत मामला. भारत म्हणाला, माणसाच्या अप्रतिष्ठेचा प्रश्न अंतर्गत नसतो. १९७४ साली डेव्हिस करंडक टेनिसच्या अंतिम फेरीत भारत पोचला, समोर दक्षिण आफ्रिका. भारत खेळला नाही. करंडक न खेळता सोडून दिला. अभिमान वाटावा असं आहे.

त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. आमचंही दुखणं तेच, हा त्याचा अर्थ.

मग आलं २००१. शहर डर्बन, पापवाला पावसात उभं केलं ते. वंशभेदाविरुद्धची जागतिक परिषद. आपले कार्यकर्ते मागणी घेऊन गेले की जातीचाही विचार करा. आणि भारत सरकार काय म्हणालं? जात म्हंजे वंश नाही, हा आमचा अंतर्गत मामला. पंचावन्न वर्षांपूर्वी समोरच्याने जे वाक्य आपल्या तोंडावर फेकलं होतं, ते आपल्या सरकारने उचलून आपल्याच माणसांच्या तोंडावर फेकलं. परिषदेत जातीचं राजकारण आणू नका!

आणि मैदानात? ३१ जुलै २०२१, टोकियो ऑलिंपिक. महिला हॉकीत भारताने दक्षिण आफ्रिकेला ४-३ असं हरवलं. वंदना कटारियाने तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॉकीत तीन गोल करणारी ती पहिली भारतीय बाई. चार दिवसांनी संघ उपांत्य फेरीत अर्जेंटिनाकडून हरला. हरिद्वारजवळच्या तिच्या गावी घरासमोर फटाके उडवून नाच झाला, जातीवरून शिव्या दिल्या गेल्या, की संघात तुमची माणसं फार झाली म्हणून हरलो. गुन्हा नोंदला गेला, अटका झाल्या. तीन गोल केले तेव्हा ती भारताची लेक. संघ हरला तेव्हा तिची जात. चेंडू विटाळत नाही, कप विटाळतो, हे शंभर वर्षांनंतरही तसंच आहे.

तेव्हा दोस्तहो, हे वाक्य कानावर आलं की रागावून उठून जाऊ नका. बसा, आणि बोलणाऱ्याला नीट विचारा. मैदानाचं फाटक कुणाच्या हातात आहे? फाटकाबाहेर कोण उभं आहे? आणि आत शिरलेल्याला चहा कुठल्या भांड्यात मिळतो? या तिघांची उत्तरं दिल्यावर मग राजकारण आणायचं की नाही ते बोलू.

१० नोव्हेंबर १९९१ ला दक्षिण आफ्रिकेचा संघ परत आला तो कलकत्त्यात, ईडन गार्डन्सवर, भारताविरुद्ध. मैदान खच्चून भरलं होतं. मैदानात उतरलेले त्यांचे अकराच्या अकरा गोरे होते, आणि त्यांच्या देशातल्या काळ्या माणसाला मताचा अधिकार मिळायला अजून अडीच वर्षं होती. टाळ्या जोरात पडल्या. ब्रूटसच्या बाजूने बघितलं तर त्या जरा लवकर पडल्या. आपण टाळ्या वाजवायच्या आधी मोजायला शिकू. किती जण आत आहेत, किती बाहेर.

जयभीम.